अंदमानला डायव्हिंग करून आल्यापासून धाकट्याचा खांदा दुखायलाय, हाताला मुंग्या, काय करावं?

परभणीकर
धाकटा भाऊ अंदमानला गेलता, चिडिया टापूला दोन दिवसात चार डाइव्ह मारल्या, शेवटची १८ मीटर, दुपारी तीनला वर आला अन् दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या विमानात बसला. रात्री घरी पोचला तवापासून डावा खांदा अन् कोपर ठणकायलंय. इथल्या डॉक्टरनं नस दबली म्हणून गोळ्या दिल्या. आज सकाळी चहाचा कप धरला तर गरमच लागंना, शर्टाचं बटन लावायला गेला तर बोटं भलतीकडंच जायलेत. घाबरलोय.

गोदाकाठ
गरम पाण्याचा शेक द्या. नाहीतर शेतातल्या विहिरीत बुडी मारायला लावा, खाली गेलं की बरं वाटतं म्हणतात.

तारकर्ली_डायव्हर
विहिरीत अजिबात उतरवू नका, हात बधिर असलेला माणूस बुडून जाईल. हे डीकम्प्रेशन सिकनेस असू शकतं. असं बघा, आपल्याकडच्या काठोकाठ पाणी असलेल्या पाच-सहा परस खोल विहिरीच्या तळाला, म्हणजे साधारण १० मीटरवर, वरच्यापेक्षा दुप्पट दाब असतो, १८ मीटरला जवळपास पावणेतीन पट. त्या दाबात श्वासातला नायट्रोजन रक्तात अन् मांसात मुरतो, हळूहळू वर आलं तर फुफ्फुसातून निघून जातो, नाहीतर त्याचे बुडबुडे होतात. अन् विमानात दाब आणखी कमी, म्हणून बऱ्याच डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये म्हणतात, याला साडेसोळाच झाले. खांदा नुसता दुखला असता तरी दाखवाच म्हणलो असतो, पण बधिरपणा म्हणजे मज्जारज्जूला लागलेलं असू शकतं. मोठ्या दवाखान्यात आत्ता न्या, शंभर टक्के ऑक्सिजन लावायला सांगा, डाइव्हची खोली, वेळ, विमान सगळं कागदावर लिहून द्या. खरा इलाज हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणारी बंद खोली, तिथं दाब देऊन कित्येक तास ऑक्सिजन देतात. जखमा भरायला ठेवलेलं प्रत्येक चेंबर डायव्हर घेत नाही, आधी फोन करा. विमानानं नेऊ नका. मज्जारज्जूला लागलं तर लघवी अडू शकते, म्हणून ती नीट होतीय का तेही विचारा.

परभणीकर
नेलं दादा. लघवी सकाळपासून झाली नव्हती, विचारलं तवा सांगितलं. मास्क लावून दीड तास झाला, मुंग्या कमी म्हणायलाय. आता थांबावं का जावं?

तारकर्ली_डायव्हर
जावंच. ऑक्सिजननं आराम पडतो अन् परत उलटतं. डॉक्टरांना लघवीचं आत्ताच सांगा, अँब्युलन्समध्येही मास्क चालू ठेवा.

परभणीकर
सांगितलं. हैदराबादच्या चेंबरवाल्यांनी फोनवर या म्हणलंय. निघालो.