'फिटनेस'ला मराठीत काय? 'बळी तो कान पिळी' चालेल का?

उत्क्रांतीच्या नोट्स मराठीत लिहितेय, बारावीच्या मुलांसाठी, आणि फिटनेसपाशी गाडी अडलीये. तंदुरुस्ती म्हटलं की पोरांना जिम आठवते. 'सर्व्हायवल ऑफ द फिटेस्ट'ला खूप जण सरळ 'बळी तो कान पिळी' म्हणतात, तेच ठेवू का?

*

ताई, ती म्हण प्लीज नको. त्यात एक जण दुसऱ्यावर दादागिरी करतोय, आणि इथे मोजायचं असतं ते फक्त हे की कुणाची सरासरी किती पोरंबाळं जगली-वाढली, म्हणजे त्याची जनुकं पुढच्या पिढीत किती गेली. बाकी 'सर्व्हायवल ऑफ द फिटेस्ट' हा शब्दप्रयोग मुळात इंग्लिश विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचा, 1864 चा, डार्विननं नंतर 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या 1869 च्या आवृत्तीत घेतला.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण द्या ना, नंदुरबार-गडचिरोलीकडच्या मुलांनी तर नाव ऐकलेलंच असतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बदल एवढाच. आईबाप दोघांकडून हे बदललेलं जनुक आलं तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे ठणकतात, रक्त कमी होतं. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक, बहुतेकांना काही त्रास नाही, उलट फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार जिवावर बेतण्यापासून बराच बचाव होतो, हे अँथनी अ‍ॅलिसन या संशोधकानं 1954 मध्ये आफ्रिकेतल्या कामावरून मांडलं. आता यात बळी कोण आणि कान कुणाचा? मलेरियाच्या मुलखात वाहकाचा फिटनेस सगळ्यात जास्त, मलेरिया नसेल तिथे तो फायदाच उरत नाही, माणूस मात्र तोच.

*

मग 'मानवणं' कसं वाटतं? इथली हवा मानवली म्हणतो तसं. जागेवर अवलंबून आहे हे त्यात आपोआप येतं.

*

समजावून सांगताना मस्त आहे, वापराच. पण पोरंबाळं किती हा हिशोब त्यात येत नाही, त्यामुळे संज्ञा म्हणून फिटनेसच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ नीट सांगावा.

*

एक शंका, आजारी मुलं लहानपणीच दगावत असतील तर ते जनुक कधीच संपायला हवं होतं ना?

*

वाहकांमुळे टिकतं. जनुकाच्या प्रमाणावरून किती मुलांत ते कसं येईल हे सांगणारं हार्डी-वाइनबर्गचं साधं गणित, समजा त्या जनुकाच्या लोकांतल्या एकूण प्रतींपैकी 10 टक्के बदललेल्या आहेत, तर जन्मणाऱ्या 1000 मुलांत साधारण 10 आजारी, 180 वाहक, 810 कडे ते नाहीच. म्हणजे बहुतेक प्रती वाहकांकडे, आणि मलेरिया त्यांनाच झुकतं माप देतो. एकीकडून घट, दुसरीकडून भर, असा तोल राहतो. म्हणूनच माहितीपत्रकांत 'सदोष जनुक' वाचलं की मला फार खटकतं, तो शब्द जनुकावरून माणसाला चिकटतो आणि वाहक मुलीचं लग्न मोडायला तेवढं पुरतं.

*

हे पटलं, 'सदोष' काढून टाकते. दोघं वाहक असतील तर चारातलं एक मूल आजारी, असं लिहिलंय, ते बरोबर ना?

*

तेवढं बदला. प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता, दर वेळी नव्यानं. 'चारातलं एक' वाचून लोकांना वाटतं पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, आणि तसं अजिबात नसतं.