राखीव वनातील निसर्ग पर्यटन : आदिवासींचा सहभाग नेमका कशात असावा?

प्रश्न
राखीव वनांत निसर्ग पर्यटन सुरू करण्याच्या जवळजवळ प्रत्येक आराखड्यात ‘स्थानिक आदिवासींचा सहभाग’ असा एक परिच्छेद असतो, आणि तो वाचून हाती लागते ते एवढेच, की काही तरुण वाटाडे होतील, काही जण स्वयंपाकघरात काम करतील आणि संध्याकाळी पाहुण्यांपुढे पारंपरिक नृत्य सादर होईल. वाट कोठून जावी, दिवसाला किती पर्यटक यावेत, जंगलाच्या कोणत्या भागात कोणालाही नेऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार त्या परिच्छेदात कोठेच नसतो. असा अधिकार प्रत्यक्षात दिला गेल्याची उदाहरणे आहेत का? असल्यास करारात कोणत्या अटी असाव्यात?

प्रतिसाद १
उदाहरणे आहेत. पेरूमध्ये तांबोपाता नदीकाठच्या इन्फिएर्नो समुदायाने, म्हणजे एसे एखा आदिवासी व त्यांच्यासोबत राहणाऱ्या इतर कुटुंबांनी, १९९६ मध्ये एका पर्यटन कंपनीशी २० वर्षांचा करार केला. नफ्यातील ६० टक्के वाटा समुदायाचा आणि ४० टक्के कंपनीचा, हे कलम नेहमी सांगितले जाते. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की निर्णय घेण्यात दोन्ही पक्षांचा हक्क समसमान ठेवला होता.

इक्वेडोरमधील अचुआर लोकांचे कपावी हे पर्यटक निवास त्याच काळातले. ते खासगी कंपनीने उभारले, पण ठरावीक मुदतीनंतर अचुआरांकडे सोपवायचे असे आधीच ठरले होते आणि २००८ मध्ये ते सोपविलेही गेले. हस्तांतराची मुदत लेखी असली की प्रशिक्षणाचे स्वरूपच बदलते. तेव्हा नुसते वाटाडे तयार करून भागत नाही. आरक्षण, जमाखर्च, प्रवासी संस्थांशी बोलणी हे सारे शिकवावे लागते, कारण एके दिवशी कंपनी निघून जाणार असते. अर्थात या दोन्ही ठिकाणी जमिनीवर समुदायाचा हक्क आधीच होता, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे, तरी वाटणीच्या बाबतीत एक सावधगिरी सुचवितो. युगांडातील ब्विंडी जंगल १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगलेल्या बट्वा लोकांना जंगल बंद झाले, आणि दोनच वर्षांनी तेथे गोरिला पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. प्रवेशशुल्काचा २० टक्के भाग उद्यानालगतच्या वस्त्यांना देण्याची तरतूद पुढे कायद्यात झाली. परंतु त्या वस्त्यांत बहुसंख्य शेतकरी अन्य समाजांचे आहेत, तर बट्वा मूठभर आणि बहुतांशी भूमिहीन. असा पैसा स्थानिक प्रशासनामार्फत वाटला गेला, की ज्याचा आवाज मोठा त्याची कामे आधी होतात. म्हणून लाभार्थी ठरविताना केवळ उद्यानालगतचे रहिवासी असे म्हणणे पुरेसे नाही. ज्यांचे जंगल गेले त्या समूहाचा हिस्सा करारात नावानिशी नमूद असावा आणि तो स्वतंत्र खात्यात जमा व्हावा. नृत्याचा कार्यक्रम ठेवायचा की नाही, हेही त्यांनीच ठरवावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मी ज्या परिस्थितीचा विचार करीत आहे तेथे जमीन शासनाची आहे आणि समुदायाकडे मालकीचा कोणताही कागद नाही. मग वाटाघाटीत त्यांचे बळ कशातून येणार?

प्रतिसाद ३
मालकी नसली तरी वापराचा व व्यवस्थापनाचा हक्क कायद्याने देता येतो. नामिबियातील सामुदायिक जमिनी शासनाच्याच मालकीच्या आहेत, परंतु १९९६ च्या कायदेदुरुस्तीनंतर तेथील रहिवाशांना आपले संवर्धन क्षेत्र नोंदवून वन्यजीव व पर्यटनाविषयीचे हक्क मिळविता आले, त्यामुळे तेथे निवास उभारू पाहणाऱ्या कंपनीला त्यांच्याशीच बोलावे लागते. भारतात २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला असून तो अभयारण्यांनाही लागू आहे. आधी या हक्कांची नोंद आणि मगच पर्यटनाचा आराखडा, हा क्रम मी आग्रहाने सुचवेन, कारण एकदा निवास उभे राहिले की हक्काचा दावा हा अडथळा ठरविला जातो.

केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पात दालचिनीची साल चोरून नेणाऱ्यांनाच वाटाडे करून गस्तीचे काम देण्यात आले, आणि त्यांचे जंगलाचे ज्ञान फार उपयोगी पडले. तो प्रयोग मला आवडतो. तरीही रोजगार देणे आणि हक्क मान्य करणे यांची गल्लत करू नये.

शेवटी उत्पन्नाविषयी. २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा नामिबियातील अशा क्षेत्रांचे पर्यटनाचे उत्पन्न एकदम आटले, पण गस्त थांबवून चालणार नव्हते. त्यामुळे पर्यटक नसतील त्या काळात राखणदारांचे वेतन कोणी द्यायचे याचे कलम सुरुवातीलाच लिहून घ्यावे, आणि पर्यटकांच्या वाटेसाठी वनोपज गोळा करण्याचा हक्क कोणत्याही अटीवर सोडू नये.