मदत हवी आहे: हाँगकाँगची मिनीबस आईबाबांना जमेल का?
मंडळी, आईबाबांना घेऊन हाँगकाँगला चाललोय, मेट्रोचं कळलं पण मिनीबसचं काही डोक्यात शिरत नाहीये. हिरव्या गाड्यांचा रूट आणि भाडं फिक्स, चढताना ऑक्टोपस कार्ड (तिथलं प्रवासाचं प्रीपेड कार्ड) लावायचं, इथपर्यंत ठीक. लालवाल्यांचं रूट-भाडं मात्र सरकार ठरवत नाही, बऱ्याचदा पैसे उतरताना द्यायचे आणि तेही रोख म्हणे. सीट्स १६ नाहीतर १९, उभं राहायला परवानगीच नाही, म्हणजे भरली की थांबणारच नाही, मग गर्दीच्या वेळी तिघांना एकदम जागा मिळते का हो? आणि काही गाड्यांत उतरायचं तर ओरडून सांगावं लागतं, कँटोनीज येत नसेल तर तुम्ही काय करता? बाबांचे गुडघे दुखतात म्हणून चढाच्या रस्त्यांना हीच बरी वाटतेय. कोणी वापरली असेल तर प्लीज सांगा.