दीड महिन्यात कुलंट सडतं, आयुष्य वाढवायचं कसं?

बीडवाला: तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), प्रत्येकी २०० लिटरची कुलंटची टाकी. कुलंट म्हणजे कापताना धातू थंड ठेवायला पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल, पाणी बोअरचं, काम बहुतेक बीडाचं (कास्ट आयर्न). सोमवारी पंप सुरू केला की सडक्या अंड्यांचा वास, जॉबवर गंज. दर सहा-सात आठवड्यांनी सगळं काढून टाकावं लागतं. बायोसाइडने (जंतुनाशकाने) आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच.

स्लाइडवे: बायोसाइडच्या मागे लागू नका. मशीनच्या सरकत्या भागांना लागणारं स्लाइडवे ऑइल गळून कुलंटवर साय धरतं. सुट्टीत पंप बंद, सायीखाली हवा पोचत नाही. मग हवेविना वाढणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो वास. बेल्ट स्किमर (वरचं तेल पट्ट्याने ओढून काढणारं यंत्र) बसवा, पण कटिंग चालू असताना तो फारसं ओढत नाही, पंपाने तेल घुसळलेलं असतं. टायमर लावून पहिल्या पाळीआधी तासभर चालवा. रविवारी माशांच्या टाकीचा साधा एअर पंप सोडून ठेवला तरी फरक पडतो. बीडाचा बारीक चुरा तळाशी बसतो, तोही उपसा.

दुधी पाणी: बोअरचं पाणी हे अर्धं दुखणं. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. कॅल्शियम साबणासारखा चिकट थर धरतो, क्लोराइडने गंज येतो. टॉप-अप आरओच्या पाण्याने करा. पहिली भरणी मात्र निव्वळ आरओची नको, फेस होतो.

रिफ्रॅक्टोमीटरचं (थेंबावरून तेलाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) रीडिंग गुणिले तेलाच्या डब्यावरचा फॅक्टर म्हणजे तेलाची टक्केवारी. समजा टाकीत १७० लिटर उरलंय, ४ टक्क्यांचं. २०० लिटर ६ टक्क्यांनी हवं तर तेल ५.२ लिटर, पाणी २४.८. ते बादलीत कालवून मगच ओता: आधी पाणी, मग ढवळत बारीक धारेने तेल. उलट केलंत तर दह्यासारख्या गुठळ्या होतात. पीएच साडेआठच्या खाली गेला की समजा, बिघडायला लागलं.

बीडवाला: आणि आत्ताचं खराब झालेलं? भंगारवाला न्यायला तयार आहे.

स्लाइडवे: देऊ नका. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्यायचा, फॉर्म १० (कचरा नेल्याची नोंद) सोबत, आणि आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. तुमचा हिशेब बघा: ६०० लिटर, वर्षातून सात वेळा, म्हणजे ४२०० लिटर. त्यात तेल जेमतेम अडीचशे, बाकी पाणीच. विल्हेवाटीचे पैसे मात्र सगळ्याचे.

दुधी पाणी: टाकी रिकामी करण्याआधी जुन्याच कुलंटमध्ये सिस्टिम क्लीनर टाकून एक दिवस फिरवा. प्रमाण डब्यावर असतं. पाइपातला बुळबुळीत थर राहिला तर नवीन भरणीला विरजण लागल्यासारखंच होतं. स्किमरचं तेल वेगळ्या ड्रममध्ये ठेवा. पाणी नसलेलं वापरलेलं तेल अधिकृत रिसायकलर पैसे देऊन नेतात, कुलंटमध्ये मिसळलंत तर तुम्हालाच द्यावे लागतील.