‘पादणे’चा पायाशी संबंध नाही

‘पादणे’ हा शब्द पायाच्या ‘पाद’वरून आला असावा, असा एक तर्क केला जातो, तो पटत नाही. मूळ संस्कृत धातू ‘पर्द्’. पाणिनीय धातुपाठात (संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत) त्याचा अर्थच दिलाय: ‘पर्द कुत्सिते शब्दे’, म्हणजे ओंगळ आवाज करणे. प्राकृतात र्द चा द्द झाला, मग मराठीत जोडाक्षर सुटं होऊन आधीचा स्वर लांबला. सर्प-सप्प-साप, कर्ण-कण्ण-कान, अगदी हीच वाट.

ग्रीक ‘पेर्दोमाइ’ आणि इंग्रजी ‘फार्ट’ ही याच धातूची भावंडं. इंग्रजीत प चा फ होतो (पितृ-फादर) आणि द चा ट (दश-टेन), त्यामुळे हिशोब चोख जुळतो.

इतका जुना, अस्सल शब्द गावंढळ ठरवून टाळला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘पादऱ्याला पावट्याचं निमित्त’ ही म्हण तरी बिनधास्त वापरा.