मदत हवी आहे: व्हीएमवेअरवरील यंत्रणा केव्हीएमवर न्यावी की क्लाउडवर?

आमच्या कार्यालयात तीन भौतिक सर्व्हरवर सुमारे ४० आभासी मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेले स्वतंत्र संगणक) चालतात आणि ती सर्व व्हीएमवेअर कंपनीच्या व्हीस्फिअर ७ या आभासीकरण सॉफ्टवेअरवर आहेत. या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून कायमस्वरूपी परवान्यांची विक्री डिसेंबर २०२३ मध्येच बंद झाल्याने, यापुढे वार्षिक वर्गणी भरायची की दुसरा मार्ग धरायचा, हे मला व्यवस्थापनाला लेखी कळवायचे आहे.

केव्हीएम या लिनक्समधील आभासीकरण तंत्रावर आधारलेल्या प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरची चाचणी मी केली. विंडोज मशीन हलवण्यापूर्वी त्यात व्हर्टआयओ ड्रायव्हर (केव्हीएमची आभासी डिस्क व नेटवर्क वापरण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) बसवले नाहीत आणि डिस्क व्हर्टआयओ पद्धतीने जोडली, तर ते मशीन सुरूच होत नाही, हे दोन दिवस गेल्यावर उमगले. लिनक्स मशीन मात्र विनासायास चालली.

माझी खरी चिंता हिशेबाच्या डेटाबेसची आहे. तो क्लाउडवर नेला आणि त्यावर अवलंबून असलेले जुने सॉफ्टवेअर येथेच राहिले, तर प्रत्येक क्वेरीला नेटवर्कचा विलंब लागेल. शिवाय डेटा बाहेर काढण्याचे शुल्क वेगळे पडेल, जे सुरुवातीच्या अंदाजपत्रकात सहसा धरलेच जात नाही. म्हणून डेटाबेस येथेच ठेवून केवळ बॅकअप आणि आपत्कालीन प्रत क्लाउडवर ठेवावी, असे मला वाटते.

ज्यांनी असे स्थलांतर प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी डेटाबेस कोठे ठेवला, स्थलांतराच्या वेळी सेवा किती तास बंद ठेवावी लागली आणि बॅकअपमधून पुनर्स्थापनेची चाचणी कशी घेतली, हे कृपया सविस्तर सांगावे.