८ जीबी रॅममधली २ जीबी गेली कुठे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी गेल्या महिन्यात असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशीन अक्षरशः खिळून बसतं. काल सिस्टिमच्या माहितीत पाहिलं तर लिहिलंय, ८ जीबी, पैकी वापरण्याजोगी ५.९. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सपुढे डेडिकेटेड २ जीबी आणि शेअर्ड २.९ जीबी दिसते. म्हणजे जवळपास ५ जीबी ग्राफिक्सनेच खाल्ली का? दुकानदाराने जुनी रॅम तर नाही ना गळ्यात मारली? कॅबिनेट उघडून पाहिलं, एकच स्टिक आहे, शेजारचा स्लॉट रिकामा. पोरीचं सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे, जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १:
काका, रॅम पूर्ण ८ जीबीच आहे, दुकानदाराबद्दलची शंका मनातून काढून टाका. तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. मात्र ते दोन तऱ्हांनी घेतं, आणि तुम्ही दोन्ही आकड्यांची बेरीज केलीत.

डेडिकेटेड २ जीबी हा मशीन सुरू होतानाच बायोसने (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) कापून ठेवलेला तुकडा. विंडोजला तो मिळतच नाही, म्हणून ५.९. शेअर्ड २.९ ही फक्त कमाल मर्यादा, उरलेल्या रॅमच्या साधारण निम्मी. तिच्यातलं ग्राफिक्सला लागेल तेवढंच जातं आणि काम झालं की परत येतं. एरवी ती रॅम तुमच्या प्रोग्रामांचीच.

बायोसमध्ये जाऊन ॲडव्हान्स्डखाली 'यूएमए फ्रेम बफर साइज' (ग्राफिक्ससाठी राखीव रॅमचा आकडा) शोधा (बोर्डागणिक जागा बदलते), २ जीबीच्या जागी ५१२ एमबी करा. काही गेम सुरू होताना राखीव आकडाच तपासतात, त्यांची कुरकुर होईल. ड्रॉइंगच्या कामाला सहसा अडचण येत नाही.

पण माझ्या मते खरं दुखणं तो रिकामा स्लॉट आहे. डीडीआर४ (रॅमचा प्रकार) ३२०० (तिचा वेग) ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते आणि त्याच वाटेवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही रांग लावतात. दुसऱ्या चॅनेलवर (प्रोसेसर आणि रॅममधली दुसरी वाट) जोडीची स्टिक बसली की तीच वाट ५१.२ ची होते. ८ जीबीची आणखी एक घ्याच, ग्राफिक्समधला फरक डोळ्यांना दिसेल.

धागाकर्ता:
मनापासून आभार! बायोसमध्ये ५१२ केलं, आता वापरण्याजोगी ७.४ दाखवतंय. ड्रॉइंग आणि ब्राउझर एकत्र चालताहेत, मोठी फाइल फिरवताना मात्र अजून अडखळतं. स्टिकवरच्या लेबलचा फोटो काढलाय, ३२०० च आहे. उद्या तो दाखवून त्याच दुकानातून जोडीची आणतो.